एक डॉलर आणि जिव्हाळा

ईरी काउंटीच्या दस्तनोंदणी कचेरीत
खिडकी क्रमांक दोन माझी.
बाहेर सरोवरावरून आडवा बर्फ येतो,
लोक बूट आपटत आत शिरतात
हातात घर घेऊन.
घर म्हणजे चार पानं, शेवटी नोटरीचा शिक्का.

डॉमिनिक पलुंबो आला तो मंगळवार होता.
सोबत मेहुणा ग्लेन, मान खाली.
अल्डर रस्त्यावरचं दुमजली घर
गॅरेज आणि मागच्या सफरचंदाच्या झाडासकट
मेहुण्याच्या नावे.
मोबदला: एक डॉलर, आणि प्रेम व जिव्हाळा.

तो एक डॉलरही कुणी कुणाला दिला नाही.
मी बघत होते.
नोंदणीची फी पलुंबोनेच भरली, नाणी मोजून.

मी प्रश्न विचारत नाही.
माझं काम समास बघणं, सह्या बघणं
आणि वेळ उठवणं: दहा वाजून सेहेचाळीस.
पुढे कुणी याच सेहेचाळीसवर बोट ठेवील
हे शिक्क्याला ठाऊक नसतं.

शुक्रवारी निकाल लागला.
व्हेरा ओस्ट्रांडर, वय एकाहत्तर.
तिचा पोर्च पलुंबोने बांधला होता
खिळ्यांत काटकसर करून.
मोडलेला खुबा, अठ्ठ्याऐंशी हजार डॉलर.
काठी टेकत ती खिडकीशी आली.
मी तिच्यासाठी यादी उघडली.
पलुंबोच्या नावे काही नव्हतं,
मासेमारीची होडी ठेवायची ती पट्टीसुद्धा नाही.
"पण राहतो तर तो तिथंच," ती म्हणाली,
"काल दारातला बर्फ तोच उपसत होता."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,
हे मला इंग्रजीत सांगता येईना.
दस्ताची नक्कल काढून दिली.
पन्नास सेंट पान.

एप्रिलमध्ये सुनावणी झाली.
अर्ध्या दिवसाची रजा टाकून
मी शेवटच्या बाकावर बसले.
जजबाई सर्दीने बेजार, तरी सावकाश बोलल्या.
फसवणूक स्वतःहून नाव सांगत नाही,
तिच्या अंगावरच्या खुणा वाचाव्या लागतात.
घेणारा घरचाच.
किंमत नावापुरती.
दावा दाराशी आलेला.
आणि देऊन टाकलेल्या घराची किल्ली
देणाऱ्याच्याच खिशात.
दस्त रद्द.
ग्लेनने तेवढ्यात पहिल्यांदा मान वर केली,
सुटल्यासारखी.

मी मात्र खुणा मोजत बसले होते
दुसऱ्याच कागदावर.

अच्युतच्या मोटेलचा भागीदार, रुबेन,
पहाटे उठून पाहुण्यांची अंडी तळायचा.
त्याची नोटीस आली त्याच आठवड्यात
अच्युत म्हणाला, घर तुझ्या नावावर करू या,
पंचवीस वर्षं झाली लग्नाला.
मला भरून आलं होतं.
कऱ्हाडला बहिणीला फोटो पाठवला: बघ, माझं घर.
तिने उलट विचारलं, आणि त्याचं कुठलं?
मी हसले होते.

मोटेल बुडालं. रुबेन बफेलोला गेला म्हणतात.
त्याच्या हाती काय लागलं, मी विचारलं नाही.
प्रश्न न विचारणं,
सांगितलंच वर, माझं काम.

आज घरी आले तेव्हा अच्युत शिडीवर होता,
पन्हळीतली पानं काढत.
"चहा टाक गं," म्हणाला, "आपल्या घराला गळती लागलीय."
आपल्या.
किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला वाजत होता.
कदाचित तेव्हा खरंच प्रेम असेल.
कदाचित दोन्ही असेल,
एकाच कागदावर, एकाच शाईत.
जजबाईंनी त्याची खूण सांगितली नाही.

असा दस्त उलटवायला चार वर्षांची मुदत असते.
तीन वर्षं आणि एक महिना झाला.
रुबेनचा पत्ता त्याच्या जुन्या नोटिशीवर आहे,
नोटीस माझ्या खणात.
उद्या जेवणाच्या सुट्टीत
आमच्याच घराची नक्कल काढीन म्हणते.
चार पानं.
दोन डॉलर होतील.